पथशिल्प

पथशिल्प : रस्ता, चौक, पदपथ, बाजारपेठ किंवा पटांगण अशा नागरी मोकळ्या जागी उभारलेले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना केवळ पाहण्यापुरते न थांबविता काही कृती करण्यास प्रवृत्त करणारे शिल्प. ही कृती अनेक प्रकारची असू शकते. शिल्पाला हात लावणे, त्यावर बसणे वा चढणे, ते फिरविणे, त्याखालून जाणे, त्यात स्वतःचे प्रतिबिंब न्याहाळणे, त्याला वस्त्रे चढविणे, त्यावर कागद चिकटविणे, त्याच्या शेजारी बसून छायाचित्र काढणे आणि प्रसंगी त्याचा निषेध करणे, ह्या सर्वांचा अंतर्भाव तीत होतो. थोर व्यक्तींचे स्मारकपुतळेही रस्त्यावरच असतात. तथापि आदरभाव व अंतर राखणे हा त्यांचा मूळ हेतू असतो. पथशिल्पाचा हेतू ह्याच्या उलट, म्हणजे अंतर मोडण्याचा असतो. मात्र लोकांच्या वागणुकीमुळे एखादा स्मारकपुतळाही कालांतराने पथशिल्पाचे कार्य करू लागतो, अशी उदाहरणे इतिहासात आढळतात.

स्वरूप : संग्रहालयातील शिल्प पाहण्यासाठी प्रेक्षक आपण होऊन जातो. कलावस्तूला हात लावू नये, तिच्यापासून ठराविक अंतरावर उभे राहावे, हे संकेत त्याला ठाऊक असतात. रस्त्यावरील वाटसरू मात्र कामाला निघालेला असतो. शिल्प पाहावे अशी इच्छा त्याने व्यक्त केलेली नसते. म्हणजेच पथशिल्पाला आपला प्रेक्षक निवडता येत नाही आणि वाटसरूलाही आपल्या वाटेवरचे शिल्प निवडता येत नाही. ह्या दुहेरी अपरिहार्यतेत पथशिल्पाचे सामर्थ्य आहे आणि त्याच्याभोवती उठणाऱ्या वादांचे मूळही तिच्यातच आहे. वाटसरूचा प्रतिसाद हा येथे शिल्पाचाच एक घटक ठरतो. परंतु दगड, धातू किंवा घाट ह्यांप्रमाणे हा घटक शिल्पकाराच्या स्वाधीन नसतो. तो कोणत्या दिशेने जाईल, हे शिल्प रस्त्यावर आल्याखेरीज समजत नाही.

अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलते करणे, हे पथशिल्पाचे एक महत्त्वाचे सामाजिक कार्य मानले जाते. अमेरिकन अभ्यासक विल्यम एच्. व्हाइट (१९१७–९९) ह्यांनी न्यूयॉर्कमधील चौक व पटांगणे ह्यांचे दीर्घकाळ चित्रीकरण करून लोकांच्या वागणुकीचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. दोन अपरिचित व्यक्ती शेजारी उभ्या असल्या, तरी सहसा बोलत नाहीत. परंतु दोघांच्याही नजरेसमोर एखादी तिसरी लक्षवेधक गोष्ट असल्यास त्या सहजपणे संभाषण सुरू करतात, असे त्यांना दिसून आले. ही तिसरी गोष्ट एखादा रस्त्यावरील गायक असेल, डोंबारी असेल किंवा शिल्प असेल. दोन माणसे व तिसरी वस्तू ह्यांतून साधणाऱ्या ह्या क्रियेला त्यांनी त्रिकोणाच्या कल्पनेवरून नाव दिले. पथशिल्पाचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही, ह्या मताला त्यांच्या निरीक्षणांमुळे आधार मिळाला.

पूर्वपरंपरा : पथशिल्प ही संकल्पना आधुनिक असली, तरी शिल्पाशी रस्त्यावर संवाद साधण्याची प्रथा जुनी आहे. रोममधील पिआत्सा नाव्होना ह्या चौकाजवळ कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा ह्याने १५०१ मध्ये एक भग्न प्राचीन शिल्प उभारले. ते ‘पास्क्वीनो’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. प्रारंभी सेंट मार्कच्या सणाच्या दिवशी त्यावर लॅटिन पद्यरचना लावीत. पुढे पोप व त्याचे अधिकारी ह्यांच्यावर टीका करणारी निनावी उपहासपर पद्ये रात्रीच्या वेळी त्यावर चिकटविली जाऊ लागली. उघडपणे बोलण्यास मनाई असलेल्या नगरात एका हातपाय तुटलेल्या पुतळ्याला वाचा फुटली. मार्फोरिओ नावाचा दुसरा पुतळा प्रश्न विचारतो व पास्क्वीनो उत्तर देतो, अशी योजनाही लोकांनी केली. अशा निनावी उपहासलेखनाला अनेक यूरोपीय भाषांत ह्या पुतळ्यावरूनच नाव पडले आहे. एकविसाव्या शतकात शिल्पाची सफाई झाल्यानंतर कागद लावण्यासाठी शेजारी फलकाची सोय करण्यात आली. प्रथा मात्र टिकून राहिली.

ब्रूसेल्स येथील ‘मॅनेकन पिस’ हे नग्न बालकाचे लहानसे ब्राँझशिल्प जेरोम द्यूकेन्वा (थोरला) ह्याने १६१९ मध्ये घडविण्यास घेतले. मुळात ते सार्वजनिक पाण्याच्या कारंजाचा भाग होते. त्याला प्रसंगपरत्वे पोशाख चढविण्याची प्रथा सतराव्या शतकातच रूढ झाली. १७४७ मध्ये फ्रेंच सैनिकांनी ते पळविल्यानंतर नागरिकांचा रोष शमविण्यासाठी पंधराव्या लूईने त्यास जरीचा पोशाख दिला. त्याच्या पोशाखांची संख्या आता हजाराच्या वर गेली असून, मूळ शिल्प संग्रहालयात व त्याची प्रतिकृती रस्त्यावर आहे. फ्लॉरेन्सच्या बाजारातील ‘पॉर्चेलीनो’ ह्या ब्राँझच्या रानडुकराची कथा अशीच आहे. सतराव्या शतकात प्येत्रो ताक्का ह्याने ते घडविले. त्याच्या मुस्कटावर हात फिरविल्यास पुन्हा फ्लॉरेन्सला येण्याचा योग येतो, ह्या समजुतीमुळे असंख्य हातांनी तो भाग झिजून लख्ख झाला. येथेही मूळ शिल्प संग्रहालयात हलवून बाजारात प्रतिकृती ठेवावी लागली.

भारतात रस्त्यावरील मूर्ती व जनसमुदाय ह्यांचे नाते प्रामुख्याने उत्सवांतून व्यक्त झाले. १८९३ पासून सार्वजनिक स्वरूप आलेल्या गणेशोत्सवामुळे रस्त्यावर उभारलेली, समूहाच्या वर्गणीतून साकारलेली आणि ठराविक दिवसांनी विसर्जित होणारी मूर्ती महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. तिचे प्रयोजन धार्मिक असल्याने तिला पथशिल्प म्हणता येत नाही. तथापि रस्त्यावरील शिल्प हे लोकांनी उभे करावयाचे, सजवावयाचे व निरोप देऊन हलवावयाचे असते, हा अनुभव तिने समाजाला दिला. ह्याउलट, ब्रिटिश सत्तेने चौकाचौकांत उभारलेले पुतळे दुरून पाहण्यासाठी होते. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा (१८७२) मॅथ्यू नोबल ह्या शिल्पकाराने घडविला होता व बडोद्याच्या गायकवाडांनी तो देणगीदाखल दिला होता. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. हे डाग काढण्याचे अवघड काम रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर ह्यांनी यशस्वीपणे केले. रस्त्यावरील शिल्पाला लोक जे उत्तर देतात, त्यात नकाराचाही समावेश होतो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय. आज हा पुतळा भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

चौथऱ्याचा लोप : आधुनिक पथशिल्पाची वाटचाल ही एका अर्थी चौथरा खाली येण्याची वाटचाल आहे. फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रॉदँ (१८४०–१९१७) ह्याच्याकडे कॅले नगराने १८८४ मध्ये एका स्मारकाचे काम सोपविले. चौदाव्या शतकात वेढा पडलेल्या नगराच्या रक्षणासाठी आत्मसमर्पणास निघालेल्या सहा नागरिकांचे हे स्मारक होते. रॉदँने हे सहाजण विजयी वीरांच्या आविर्भावात न दाखविता खचलेल्या, भयभीत व तरीही चालत राहिलेल्या सामान्य माणसांप्रमाणे दाखविले. ते नगराच्या फरसबंदीवर, वाटसरूंच्या बरोबरीने उभे असावेत, अशी कल्पना त्याने मांडली होती. १८९५ मध्ये स्मारकाचे अनावरण झाले, ते मात्र उंच चौथऱ्यावर आणि कठड्याच्या आत. रॉदँच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते नगरभवनासमोर आणून त्याचा पाया खाली घेण्यात आला. शिल्पाची उंची कमी करण्याचा हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः शिल्प कोणाच्या पातळीवर उभे राहणार, हा त्यामागील प्रश्न होता.

जपानी-अमेरिकन शिल्पकार ईसामू नोगुची (१९०४–८८) ह्याने ह्यापुढचे पाऊल उचलले. मुलांनी वर चढावे, खाली घसरावे असा जमिनीचाच घडविलेला एक डोंगर त्याने १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी कल्पिला होता. तो प्रशासनाने नाकारला. शिल्प म्हणजे पाहण्याची वस्तू नसून वावरण्याची जागा आहे, हा विचार मात्र त्याने आयुष्यभर सोडला नाही. त्याची काळ्या ग्रॅनाइटमधील सर्पिल घसरगुंडी त्याच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये जपानमधील साप्पोरो नगराच्या ओदोरी उद्यानात उभी राहिली. तिच्यासाठी उद्यानाच्या दोन भागांमधील रस्ता वाहनांना बंद करण्यात आला. निकी द सँ फाल (१९३०–२००२) हिने जेरूसलेममध्ये १९७२ साली उभारलेल्या राक्षसाच्या तोंडातून तीन लाल जिभा बाहेर येतात आणि मुले त्यांवरून घसरत खाली उतरतात. मुले ह्या शिल्पाला भितील, अशी शंका प्रारंभी घेतली गेली होती. प्रत्यक्षात ते मुलांचे आवडते ठिकाण झाले.

अशा कामांना संस्थात्मक आधार मिळाला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील ठराविक अंश कलाकृतींसाठी राखून ठेवण्याचा नियम अमेरिकेत फिलाडेल्फिया नगराने १९५९ मध्ये केला व नंतर इतर अनेक नगरांनी त्याचे अनुकरण केले. १९६७ मध्ये शिकागोच्या नगरकेंद्रातील चौकात पाब्लो पिकासोचे सु. १५ मी. उंचीचे पोलादी शिल्प उभे राहिले. पिकासोने त्याचा मोबदला न घेता ते नगरवासीयांना भेट दिले. ते स्त्रीचे मस्तक, पक्षी की श्वान, ह्यावर बराच वाद झाला. मुलांनी मात्र त्याच्या पायथ्याच्या उतरणीचा घसरगुंडी म्हणून उपयोग करण्यास आरंभ केला आणि परक्या वाटणाऱ्या शिल्पाशी नगराचा परिचय अशा रीतीने झाला.

प्रतिसादाचे प्रकार : लोकांकडून कोणती कृती अपेक्षित आहे, ह्यावरून पथशिल्पांचे स्थूलमानाने काही प्रकार सांगता येतात.

(१) हालचालीची शिल्पे : न्यूयॉर्कमधील ॲस्टर प्लेस येथे टोनी रोझेंथाल (१९१४–२००९) ह्याचा सु. २.४ मी. बाजूचा काळा पोलादी घन एका कोपऱ्यावर तोललेला आहे. १९६७ मधील एका तात्पुरत्या प्रदर्शनासाठी तो उभारला होता. रहिवाशांच्या मागणीमुळे तो कायमचा तेथेच राहिला. त्याच्या आत उभा दांडा असून लोकांनी जोर लावल्यास संपूर्ण घन त्याभोवती फिरतो. एकट्याच्या बळाने तो हलविणे कठीण असल्याने वाटसरू परस्परांची मदत घेतात. व्हाइट ह्यांनी वर्णिलेला त्रिकोण येथे शब्दशः घडून येतो. वर्षानुवर्षांच्या वापराने फिरण्याची यंत्रणा बिघडली, तेव्हा २०२३ मध्ये ती दुरुस्त करण्यात आली.

(२) प्रतिबिंबाची शिल्पे : मुंबईत जन्मलेले अनिश कपूर (१९५४–  ) ह्यांचे ‘क्लाउड गेट’ हे शिकागोमधील शिल्प २००४ मध्ये लोकांसाठी प्रथम खुले झाले व २००६ मध्ये पूर्णत्वास गेले. १६८ अगंज पोलादी पत्रे जोडून त्यांचे सांधे दिसेनासे होईपर्यंत घासलेले हे शिल्प १० मी. उंच, २० मी. लांब व १३ मी. रुंद आहे. त्याच्या बहिर्वक्र पृष्ठभागावर आकाश व उत्तुंग इमारती सामावतात, तर कमानीसारख्या भागाखाली उभे राहिल्यास अंतर्वक्र पृष्ठभागात पाहणाऱ्याची अनेक वेडीवाकडी रूपे दिसतात. समोर कोणी नसेल, तर ह्या शिल्पात जवळजवळ काहीच ‘चित्रित’ नसते. त्याचा आशय समोर उभ्या असलेल्या गर्दीने पुरवावयाचा असतो. लोकांनी त्याच्या आकारावरून त्यास ‘घेवडा’ ह्या अर्थाचे टोपणनाव दिले व तेच रूढ झाले. त्याच उद्यानातील जाउमे प्लेन्सा ह्याच्या कारंजात (२००४) दोन समोरासमोर असलेल्या काचेच्या मनोऱ्यांवर सु. १,००० नगरवासीयांचे चेहरे आळीपाळीने दिसतात व त्यांच्या तोंडांतून पाण्याची धार पडते. मधल्या उथळ पाण्यात मुले खेळतात.

(३) सोबतीची शिल्पे : ह्या प्रकारात शिल्पकार मुद्दाम एखादी जागा रिकामी ठेवतो. सोल येथे जपानी राजदूतावासासमोर १४ डिसेंबर २०११ रोजी किम सिओ-क्युंग व किम उन-सुंग ह्या शिल्पकार दांपत्याचे एक ब्राँझशिल्प बसविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत लोटलेल्या स्त्रियांच्या न्यायासाठी तेथे दर बुधवारी होणाऱ्या निदर्शनांचा तो हजारावा दिवस होता. खुर्चीवर अनवाणी बसलेली एक मुलगी व तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, एवढीच त्याची मांडणी आहे. रिकाम्या खुर्चीवर कोणीही बसू शकतो आणि बसताच तो त्या मुलीच्या नजरेने समोर पाहू लागतो. हिवाळ्यात लोक तिच्या डोक्यावर टोपी, गळ्यात लोकरी पट्टा व पायांपाशी मोजे ठेवतात. शिल्प हटविण्याची मागणी जपान सरकारने वारंवार केली असून, दोन राष्ट्रांमधील राजनैतिक वाटाघाटींत त्याला स्थान मिळाले आहे.

(४) भर घालण्याची शिल्पे : ग्लासगो येथे कार्लो मारोकेत्ती ह्याने घडविलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा (१८४४) आहे. त्याच्या डोक्यावर रहदारीसाठी वापरतात तसला शंकू ठेवण्याची प्रथा १९८०–९० च्या दशकात पडली. शंकू काढला की पुन्हा नवा चढतो. चौथरा उंच करून ह्या प्रकाराला आळा घालण्याची योजना नगरपालिकेने २०१३ मध्ये आखली; परंतु दहा हजारांहून अधिक नागरिकांनी विरोध नोंदविल्यावर ती सोडून दिली. पोलंडमधील व्ह्रॉट्स्लाफ नगरात १९८० नंतरच्या दशकात ‘नारिंगी पर्याय’ ह्या गटाने शासनविरोधी घोषणांवर फासलेल्या रंगाच्या डागांवर बुटक्यांची चित्रे काढून कम्युनिस्ट राजवटीची खिल्ली उडविली होती. त्या स्मृतीप्रीत्यर्थ २००१ मध्ये एका बुटक्याचे शिल्प उभारले गेले. नंतर रस्तोरस्ती लहान लहान बुटके बसविले गेले आणि ते शोधत फिरणे हा नगराचा खेळ बनला.

(५) माणूस हेच शिल्प : लंडनच्या ट्रफॅल्गर चौकातील चौथा चौथरा निधीअभावी दीर्घकाळ रिकामा होता. अँटोनी गॉर्मली (१९५०–  ) ह्या शिल्पकाराने २००९ मध्ये तो सामान्य नागरिकांना दिला. १०० दिवस, अहोरात्र, प्रत्येकी एक तास याप्रमाणे २,४०० जण त्यावर उभे राहिले. कोणी भाषण केले, कोणी नाचले, कोणी नुसते बसून राहिले. चौथऱ्यावर कोणी असावे, हे ठरविण्याचा अधिकार शिल्पकाराने येथे जवळजवळ पूर्णपणे सोडून दिला.

वादविषय : पथशिल्पाविषयीचे वाद बहुधा सौंदर्यविषयक मतभेदाच्या रूपाने सुरू होतात, पण थोड्याच अवधीत ते जागेच्या हक्काकडे वळतात. ह्या दृष्टीने रिचर्ड सेरा (१९३८–२०२४) ह्याच्या ‘टिल्टेड आर्क’ ह्या शिल्पाचे प्रकरण आधारभूत समजले जाते. न्यूयॉर्कमधील सरकारी कार्यालयांच्या पटांगणात १९८१ मध्ये ते उभारले गेले. सु. ३६ मी. लांब, ३.६ मी. उंच व किंचित कललेली अशी ती गंजाचा संरक्षक थर धरणाऱ्या पोलादाची वक्र भिंतच होती. पटांगण ओलांडणाऱ्याला तिला वळसा घालावा लागे व चालताना भिंतीचा कल, लांबी आणि जागेचे वितान सतत बदलत असल्याचा अनुभव येई. हाच शिल्पकाराचा हेतू होता. तेथे रोज काम करणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र ती अडचण वाटली. दुपारच्या सुट्टीत बसण्याची मोकळी जागा तिने हिरावून घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जणांनी मते मांडली. त्यांपैकी १२२ शिल्पाच्या बाजूने व ५८ विरुद्ध होती. तरीही समितीने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते हटविण्याची शिफारस केली. शिल्प त्याच जागेसाठी घडविले असल्याने ते अन्यत्र नेणे म्हणजे ते नष्ट करणेच होय, असा सेराचा युक्तिवाद होता. न्यायालयांनी तो मान्य केला नाही आणि मार्च १९८९ मध्ये रात्रीच्या वेळी शिल्पाचे तुकडे करून ते हलविण्यात आले.

ह्या प्रकरणातून निघणारा बोध दुहेरी आहे. शिल्पाच्या समर्थकांत कलावंत व जाणकार बहुसंख्य होते. विरोधकांत त्या पटांगणाचा रोज वापर करणारे होते. वर्षातून एकदा तेथे येणाऱ्याचे मत आणि दिवसातून चार वेळा वळसा घालणाऱ्याचे मत ह्यांना सारखेच वजन द्यावे काय, हा प्रश्न मतमोजणीने सुटत नाही. दुसरे असे की, शिल्प बसविण्यापूर्वी ह्या लोकांशी कोणी पुरेसे बोलले नव्हते. संवादाला सुरुवात झाली, ती शिल्प हटवावे काय, ह्या प्रश्नापासून.

न्यूयॉर्कमधीलच दुसरे प्रकरण ह्याच्या उलट स्वरूपाचे आहे. आर्तूरो दी मोदिका (१९४१–२०२१) ह्याने १९८७ च्या शेअरबाजारातील घसरणीनंतर स्वखर्चाने धावत्या बैलाचे सु. ३.२ टन वजनाचे ब्राँझशिल्प घडविले व १५ डिसेंबर १९८९ रोजी परवानगी न घेता ते शेअरबाजारासमोर आणून ठेवले. ते तातडीने हटविले गेले. परंतु लोकांना ते आवडल्याने काही दिवसांतच जवळच्या बोलिंग ग्रीन येथे त्याची पुन्हा स्थापना झाली. मार्च २०१७ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने क्रिस्टेन व्हिस्बल हिने घडविलेले, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलीचे सु. १२७ सेंमी. उंचीचे शिल्प ह्या बैलासमोर उभे केले. अनेकांना ते स्त्रियांच्या निर्भयतेचे प्रतीक वाटले. दी मोदिकाने मात्र आक्षेप घेतला. मुलगी समोर उभी राहताच उत्कर्षाचे प्रतीक असलेला बैल धमकावणारा ठरतो, शिवाय हे शिल्प म्हणजे कंपनीची जाहिरात आहे, असे त्याचे म्हणणे होते. २०१८ मध्ये मुलीचे शिल्प शेअरबाजारासमोर हलविण्यात आले. एका शिल्पाचा अर्थ दुसऱ्या शिल्पाने बदलू शकतो, तसेच सार्वजनिक जागेत कलेच्या रूपाने जाहिरात येऊ शकते, ह्या दोन्ही बाबी त्यामुळे ठळकपणे पुढे आल्या.

नव्या तंत्रज्ञानामुळे हा प्रश्न संपलेला नाही. लिथुएनियन कलावंत बेनेदिक्तास गिलिस ह्याच्या कल्पनेनुसार २०२१ मध्ये व्हिल्न्यूस व लूब्लिन ह्या नगरांत आणि मे २०२४ मध्ये न्यूयॉर्क व डब्लिन येथे भव्य वर्तुळाकार पडदे उभारले गेले. एका नगरातील रस्त्यावरचे दृश्य दुसऱ्या नगरातील लोकांना त्यांतून त्याच क्षणी, आवाजाविना दिसे. लोकांनी एकमेकांना हात हलवून अभिवादन केले, नाच केले; काहींनी अशोभनीय वर्तनही केले. त्यामुळे थोड्याच दिवसांत ते तात्पुरते बंद ठेवून काही तांत्रिक निर्बंधांसह पुन्हा सुरू करावे लागले. प्रतिसादाला मोकळीक द्यावी, तर त्याबरोबर नको असलेला प्रतिसादही येतो, ही रोमच्या पास्क्वीनोपासूनची वस्तुस्थिती आहे.

निगा व कायदेशीर संरक्षण : हाताळले जाण्यासाठी केलेले शिल्प झिजणार, हे गृहीत धरावे लागते. ब्राँझवर हवेच्या परिणामाने धरलेला गडद थर वारंवार स्पर्श होणाऱ्या जागी निघून जातो व आतील धातू चकाकू लागतो. फिरत्या भागांना वंगण, कारंजांना पाण्याची शुद्धता आणि मुलांच्या चढण्याच्या जागी गोलसर कडा आवश्यक असतात. उन्हात तापणारा धातू व पावसात निसरडा होणारा दगड ह्यांचाही विचार करावा लागतो. आरशासारखे पृष्ठभाग बोटांच्या ठशांनी मळतात व ते नियमितपणे पुसावे लागतात. म्हणून शिल्पाच्या उभारणीइतकीच त्याच्या निगेसाठी तरतूद महत्त्वाची असते. जाणीवपूर्वक केलेला विध्वंस हा वेगळा प्रश्न होय. कोपनहेगनच्या बंदरातील एड्व्हार्ड एरिक्सेन ह्याच्या जलपरीचे (१९१३) मस्तक १९६४ व १९९८ मध्ये कापून नेण्यात आले होते.

शिल्प विकले वा दान केले, तरी त्याची मोडतोड होऊ न देण्याचा काही हक्क शिल्पकाराकडे उरतो, हे तत्त्व अनेक देशांनी स्वीकारले आहे. अमेरिकेत त्याविषयीचा कायदा १९९० मध्ये झाला. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या ५७ व्या कलमात हे तत्त्व आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल (१९२२–२००७) ह्यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून साठवणीत टाकले. त्याविरुद्धच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्पकाराचा हा हक्क व जागेचा वापर करणाऱ्यांचा हक्क ह्यांत संघर्ष झाल्यास काय करावे, ह्याचे सर्वमान्य उत्तर मात्र उपलब्ध नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईतील काळा घोडा ह्या परिसराचा इतिहास ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे. पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाच्या १८७५-७६ मधील भारतभेटीच्या स्मरणार्थ जोसेफ एडगर बोएम ह्याने घडविलेला अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये तेथे उभा राहिला. त्याचा खर्च आल्बर्ट ससून ह्यांनी केला होता. लोकांनी स्वाराची दखल न घेता घोड्याचा रंग तेवढा लक्षात ठेवला व त्यावरून जागेला नाव दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत (आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) हलविण्यात आला. तरी नाव राहिले. १९९९ पासून तेथे दरवर्षी भरणाऱ्या कलामहोत्सवात रस्त्यावर मांडणशिल्पे उभारली जातात आणि त्यांभोवती मोठी गर्दी लोटते. २०१७ मध्ये तेथे नवा काळा घोडा बसविण्यात आला. त्यावर स्वार नाही. जे नाव लोकांनी शंभराहून अधिक वर्षांच्या वापराने घडविले होते, त्यालाच हे शिल्परूप मिळाले.

असे प्रयोग असले, तरी आपल्या नगरांतील बहुसंख्य शिल्पे रहदारीच्या बेटांवर, कठड्याच्या आत व वाहनांच्या गर्दीत असतात. धावत्या वाहनातून ती क्षणभर दिसतात. त्यांच्यापर्यंत चालत जाण्याची सोय बहुधा नसते. पथशिल्पाला प्रथम पथ लागतो, म्हणजे थांबता येईल एवढा रुंद पदपथ, सावली, बसण्याची जागा व रस्ता ओलांडण्याची सुरक्षित व्यवस्था लागते. ह्यामुळे पथशिल्पाचा प्रश्न शिल्पकलेइतकाच नगररचनेचाही आहे. शिल्पाची जागा निश्चित करताना तेथे रोज चालणारे, बसणारे, विक्री करणारे व खेळणारे लोक कोण आहेत, ह्याची नोंद घेणे. काही काळ तात्पुरत्या स्वरूपात शिल्प ठेवून प्रतिसाद पाहणे. आणि त्यानंतरच ते कायम करावे की नाही, हे ठरविणे, ही पद्धत टिकाऊ ठरण्याची शक्यता अधिक आहे. न्यूयॉर्कचा घन अशाच रीतीने आपल्या जागी स्थिरावला, तर त्याच नगरातील पोलादी भिंतीला ती संधी मिळाली नाही.